आत्याबाई मरणार होत्या म्हणून

एका जिवंत बाईचं मरण मी गृहीत धरलं आणि त्यावरून माझ्या लेकीच्या लग्नाची तारीख काढली. माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला आहे. मिठाऐवजी सोडा पडलेलं माझं वरण सोळा पाहुण्यांनी निमूट खाल्लं आहे. पण हा त्या सगळ्यांच्या वरचा. ती बाई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, गाव बुढी म्हणायचं.

आत्याबाईंचा मुक्काम ओसरीवरच्या बाजेवर, आणि त्यांचा अर्धा कारभार काठीनं. बाजेच्या खुरावर एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कोण आलं ते सांगा, तीन म्हणजे कुंदा. कुंदा माझी धाकटी. आमच्या धाड गावाहून रोज एसटीनं बुलढाण्याला कॉलेजात जायची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. पहाटे पाचला तीन ठोके पडायचे. "ऊठ वो बाई, तुया झाडाईचं वाच." कुंदा त्यांच्या पायाशी बसून मोठ्यानं वनस्पतिशास्त्र वाचायची. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पण वाचणं मध्येच थांबलं की लगेच, "काऊन थांबली? पान संपलं का तूच संपली?"

दिवाळीनंतर कुंदाचा साखरपुडा झाला. मुलगा देऊळगाव राजाचा, घरची शेती, बियाण्याच्या भाजीपाल्याचं शेडनेट. परीक्षा चैत्रात, म्हणून लग्न वैशाखाच्या शेवटी धरलं. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि अंगात अक्कल सोडून बाकी सगळं होतं. एक वही केली. बस्ता कधी, वाळवणं कधी, आचारी कोणता, मानाच्या साड्या कुणाकुणाला. वही उशाशी घेऊन झोपायची.

मार्गशीर्षात आत्याबाई तापानं पडल्या. खोकल्यानं बाज हलायची. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, काही सांगता येत नाही." डॉक्टरला सांगता येत नव्हतं, ते मला लगेच सांगता आलं. म्हातारी महिना काढत नाही. घरात मयत झाली की वर्षभर मंगलकार्य नाही, आणि वर्षभर कुणाचा चांगला मुलगा थांबतो? वहीतलं सगळं खोडून मी तारीख माघात आणली. व्याह्यांना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही, परीक्षा आमच्या घरून देईल." कुंदाला आणि आत्याबाईंना मात्र सांगितलं, पाहुण्यांनाच घाई आहे.

कुंदा चुलीपाशी येऊन उभी राहिली. "आई, फक्त अडीच महिने. पेपर होऊ दे, मग म्हणशील तिथं उभी राहते."

"पोरीच्या जातीनं पाहुण्यांना थांबवायचं नसतं," मी म्हणाले. माझंच खोटं, आणि वर शहाणपणही माझंच.

बस्त्याला दोन्हीकडची बावीस माणसं दोन जीपमध्ये कोंबून गेली. शालू झाला, मानाच्या साड्या झाल्या, टॉवेल-टोप्या झाल्या. सगळ्यांचं लक्ष चुकवून मी पाच मीटर पांढरं मांजरपाटही फाडून घेतलं. लग्नाच्या धांदलीत ऐनवेळी कुठं धावणार? आता लिहितानाही माझे कान तापतात. घरी आल्यावर बस्ता घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायची पद्धत. आत्याबाई उशीला टेकून बसल्या आणि एकेक कापड बोटांत चोळून बघू लागल्या. तळातलं मांजरपाट त्यांच्या हाती लागलं.

"हे कोनासाठी वो?"

"असू द्या म्हटलं, घरात लागतं."

त्यांनी ते उजेडात धरलं. "पोत चांगला हाय. पाहुण्याईच्या उशाले खोळी शिव याच्या."

शिवल्या. काय करणार? सगळं वऱ्हाड त्यांच्या कफनावर डोकं ठेवून झोपलं, आणि सकाळी त्याच एकेकाला विचारत होत्या, "झोप लागली ना बाप्पा?"

कारण तोवर त्या हिंडूफिरू लागल्या होत्या. पत्रिका छापून आल्या तेव्हा ताप उतरला. हळदीच्या दिवशी जात्याला हात लावायला स्वतः उठल्या. पंगतीत आचाऱ्याला बोलावून म्हणाल्या, "ही वांग्याची भाजी हाय का वांग्याले शिक्षा देल्ली?" आणि बुंदीचा दुसरा लाडू मागून घेतला. खरं सांगते, तो लाडू खाताना त्यांना बघून मला राग आला. ठरल्याप्रमाणे न मेल्याचा राग. असा राग माणसाला येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो मलाच आला होता.

चैत्र आला. परीक्षेच्या आठवड्यात देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये क्रॉसिंग सुरू होतं. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला हातानं लावायचे, आणि ते ज्या त्या सकाळीच. कुंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "फुलं काही थांबत नाहीत बाई, परीक्षा पुढच्या वर्षीही येते." पुढच्या वर्षी कुंदाला सातवा महिना होता. त्यापुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. पेपरात ज्याच्यावर प्रश्न येतो ते काम माझी लेक पेपरच्या वेळेला उन्हात उभी राहून करत होती. इकडे आमच्या ओसरीवर त्या आठवडाभर पहाटे पाचला तीन ठोके पडायचे. मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

आत्याबाई त्यानंतर सात वर्षं जगल्या. गेल्या तेव्हा घरात कुणाचंच लग्न नव्हतं, कुणाची काही अडचण झाली नाही. आता नातीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि घरातले माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच करतात. मी मुद्दाम खोकते. त्यांचे चेहरे बघायला मजा येते, आणि त्या मजेला कडू चव असते.

पण सांगायचं राहिलं ते त्या पहिल्या आखाडातलं. कुंदा पहिल्यांदा माहेरपणाला आली होती. तिच्या बरोबरीच्या मुलींचा निकाल लागून गेला होता. आत्याबाईंनी तिला जवळ बसवलं, तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, "तुया निकाल काय आला वो?"

"मी बसलेच नाही, आजी."

"पाह्य आता! ह्या पाहुण्याईले कायची घाई झाली होती त काय माहीत. पोरीचं वर्ष खाल्लं."

कुंदानं माझ्याकडे बघितलं. तिला सासरी खरं कारण कळलं होतं. चहा ठेवते म्हणून ती आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी बाजेच्या कडेला बसले. म्हटलं, "आत्याबाई, घाई त्यांना नव्हती. मला होती. तुम्ही एवढ्या आजारी होत्या, मला वाटलं लग्न होईपर्यंत तुमचं काही खरं नाही. म्हणून मीच तारीख अलीकडे घेतली."

त्या रस्त्याकडे बघू लागल्या. धाडचा बाजार करून परतणारी माणसं जात होती, कुणी रामराम घातला, त्यांनी घेतला नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"मले पुसलं असतं त म्या सांगतलं असतं ना वो, पोरीचे पेपर होयेपर्यंत मी काही मरत नाही म्हणून."