चेहरे विस्कटायचं बटण

मी काही चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते.

येरमाळ्यात हायवेला फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला होते. दोन कॉम्प्युटर. एक कूलरसमोर, दुसरा छपाईच्या मशीनला चिकटून. तिथं मी. शाईच्या वासानं डोकं भणभणायचं. कूलरसमोर मास्तर बसायचे. पूर्वी हातानं पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर उतारवयात माऊस शिकले. मला ती खुर्ची पाहिजे होती, बस्स.

मास्तरांचं काम एकच, शुभेच्छुकांचे चेहरे लावायचे. यात्रेचा बॅनर म्हणजे वर देवी आणि खाली पन्नास मुंडकी. कोण कुणाशेजारी, कुणाचा फोटो बोटभर मोठा, एवढ्यावरून आमच्याकडं भाऊबंद बोलायचे बंद होतात. मास्तरांना गावोगावची भांडणं तोंडपाठ. एका बॅनरला अर्धा दिवस घालवायचे. मला नुसती तिडीक यायची.

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. सगळ्या वस्तू निवडायच्या, ते दाबायचं, की वाट्टेल तशा विखरून पडतात. मी दाखवलं, तर मास्तर म्हणाले, "अगं पोरी, माणसं हायत ती. अक्षता हायत का उधळायला?"

"लई झालं तुमचं माणसं माणसं!" मी म्हणाले.

ते जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्याच मशीनवर बसले, यात्रेच्या बॅनरवर त्यांनी लावलेल्या रांगा निवडल्या आणि बटण दाबलं. मालकांना दाखवलं. "वा! काहीतरी नवीन दिसतंय," मालक खूश. मास्तर परत यायच्या आत बॅनर छापून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सहा-सात जण दुकानात घुसले. एकाचा अर्धा चेहरा त्याच्या चुलतभावाच्या खांद्याआड गेला होता. दोघांची बांधावरून कोर्टात केस चालू. "मी काय त्याच्या काखेत राहतो काय? कुणी केलं हे?"

कालचं 'वा!' गिळून मालकांनी आमच्या दोघांकडं बघितलं. मी म्हणाले, "मास्तरांच्या मशीनवरचं आहे."

खोटं नव्हतंच ते. मास्तरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "व्हय. माझंच हाय."

त्या माणसानं त्यांना पाया पडायला लावलं. मुलाच्या वयाचा होता तो. मास्तर वाकले तेव्हा चष्मा खाली पडला, आणि सगळे हसले. मीही हसले. का, ते मला आजही सांगता येत नाही. मालक म्हणाले, "मास्तर, उद्यापासून येऊ नका."

सगळे गेल्यावर मास्तर माझ्याजवळ आले. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घातली. "ते बटण कुठलं, दाखव की एकदा," एवढंच म्हणाले.

फाईल त्यांच्या मशीनवर कालपासून उघडीच होती. मी दाखवलं.

"आणि हे परत पहिल्यासारखं हुतं का?"

"होतं की." मी 'अन्डू' दाबलं, कॉम्प्युटर एक पाऊल मागं गेला. पन्नासही चेहरे त्यांनी लावलेल्या रांगेत जाऊन बसले. मास्तर खुर्चीत टेकले, चष्मा पुसला, आणि एक फोटो जरासा डावीकडं सरकवला. "ह्यो थोरला हाय त्यांच्यातला," म्हणाले. मग डबा उचलून गेले.

ती खुर्ची अजून गरम होती. मी लगेच बसले.