जाहीर उपवास

धर्मासाठी माणसं केवढा त्याग करू शकतात, हे मी उमरग्याच्या महादेव मंदिरात स्वतः अनुभवलं आहे. त्यागी मीच होतो.

मंदिराच्या सभामंडपात माझं व्याख्यान ठरलं होतं. विषय एकोणिसाव्या शतकातला. एका गावात धर्मावर जाहीर व्याख्यानं सुरू झाली, आणि शास्त्रातलं असं चारचौघांत बोलावं का, यावरून निम्मं गाव उरलेल्या निम्म्याशी बोलेनासं झालं. दोन्ही बाजूंची माणसं कधीच वारलेली, तेव्हा विषय निर्धोक आहे, असं आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या मला वाटलं.

तसं नव्हतं. बाजारपेठेतल्या एका मंडळाच्या पुढाऱ्याचा निरोप आला, "देवळात धर्माची चिरफाड चालणार न्हाय. सर आले तर आमी शाई घेऊन येतो."

"जायचंच असेल तर जुना सदरा घाला," बायको म्हणाली. "शाई निघत नाही."

जुना सदरा घालून निघालो. देवळाबाहेरचा फलक वाचला आणि जागीच थांबलो. 'जाहीर उपवास. विषय: धर्म आणि वाद.' खाली माझा फोटो, उपाशी माणसाला शोभेल असाच.

देवस्थानचे अध्यक्ष तुरीचे व्यापारी. घरात कन्नड, दुकानात मराठी. कन्नडमध्ये व्याख्यानाला 'उपन्यास' म्हणतात. त्यांनी फलकवाल्याला फोनवर तेच सांगितलं, आणि त्यानं आपल्या ओळखीचा जवळचा शब्द छापून टाकला.

"मी उपन्यासच म्हणलो होतो की हो, सर!" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात पुढारी आला. मागं दहाबारा जण. मी उगाच सदऱ्याची बटणं चाचपली. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

"चुकलं, सर. आमाला वाटलं, तुम्ही धर्माविरुद्ध बोलणार. तुम्ही तर धर्मासाठी उपाशी बसायलाव!"

"अहो, पण मी..."

अध्यक्षांनी माझा दंड दाबला. "सर बोलत बोलत उपवास करणार हायेत."

"उपाशीपोटी बोलणं व्हईल का?"

"प्राध्यापक होते. सवय हाय त्यांना."

इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. व्याख्यान सगळं झालं, एक वाक्य गाळावं लागलं नाही. व्याख्यान बंद पाडायला त्या गावच्या एका पक्षानं ताशेवाले आणले आणि ताशेवालेच ऐकत बसले, हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं पुढारी हसला.

"येडे होते का हो ते लोक?" त्यानं मध्येच विचारलं.

"काळ वेगळा होता," मी म्हणालो.

आभाराच्या जागी उपवास सुटत असल्याची घोषणा झाली. पुढाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिंबू सरबताचा पेला माझ्या ओठांना लावला. व्याख्यानाला पडल्या त्याहून जास्त टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदरानं डोळे टिपले.

मी निघताना घरी दोन भाकरी आणि पिठलं खाऊन आलो होतो.