उरलेल्या गोळ्या

डॉक्टर गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं आणि खरं सांगते, रडू येण्याआधी भीती वाटली. त्या सकाळी माझा दोष किती होता, हे आता मी एकटीच जाणत होते...

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नगरच्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. काही बायकांच्या पोटात उजवीकडे कळ यायची, एक्स-रे फोटोत खडा मात्र दिसायचा नाही. पित्ताशय नीट आकसत नाही म्हणून दुखत असेल, तर फिनोबार्बिटोन या गुंगीच्या औषधाच्या बारीक मात्रेनं फरक पडतो का, हे डॉक्टर तपासत होते. आधी एक फोटो, मग पित्ताशय आकसावं म्हणून साजूक तूप पाजून दुसरा. तूप पाजणं माझ्याकडे आणि दर तीन आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या मोजणंही माझ्याकडेच. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. गोळी उरली तर डॉक्टर रागावतील, असं मी प्रत्येकीला बजावायची. डॉक्टर बिचारे कुणावर कधी रागावले नव्हते.

पारनेरकडच्या पार्वताबाई मोजणीच्या एका सकाळी दवाखान्याच्या बाकावरच कलंडल्या. हाका मारल्या, चिमटे काढले, पण डोळे उघडेनात. त्यांची सून रडत म्हणाली, "उपासाला गोळी घ्यायच्या न्हाईत. अकरा उरल्या हुत्या. डॉक्टर रागावत्यात म्हनून सकाळी समद्या गिळल्या."

पोट धुतलं, पण या औषधाला उतारा नाही. डॉक्टर दिवसभर त्यांच्या नाकापुढे हात धरून बसले. एक श्वास गेला की दुसरा येईपर्यंत मी मनातल्या मनात तुरुंगात जाऊन यायची. शेवटी मी कबूल केलं, की ती धमकी माझी. ते एवढंच म्हणाले, "मोजायला मीच सांगितलं होतं." वहीतही त्यांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली आणि तो प्रयोग तिथंच थांबवला.

दिवेलागणीला पार्वताबाईंनी डोळे उघडले. मला बघून म्हणाल्या, "मोजा बाई. एक बी न्हाई ऱ्हायली."

त्यानंतर कुठल्याही गोळ्या दिल्या तरी डॉक्टर प्रत्येक पेशंटला स्वतः विचारायचे, किती उरल्या? उरल्या तर उरू द्या, पण खरं सांगा.

परवा वहिनींनी, डॉक्टरांच्या पत्नीनं, त्यांच्या उशाजवळची बाटली माझ्या हाती दिली. शेवटी शेवटी औषध वेळेवर घेत होते का, तेवढं मोजून सांगा म्हणाल्या. मी गोळ्या तळहातावर ओतल्या... आणि तशाच परत बाटलीत भरल्या. म्हटलं, वहिनी, मला मोजायला सांगू नका. मग ती सकाळ पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. बाटली त्यांनी माझ्याकडेच ठेवली आहे. गोळ्या अजून मोजलेल्या नाहीत.