जोडबोटीतला अबोला

काही लोक किस्से शोधत फिरतात. आमच्या अंगावर ते येऊन पडतात. बोट धरणावरून आणली, धुतली, अंगणात उलटी टाकली, की तिच्यातून पाणी, गाळ, कुणाची तरी एक चप्पल आणि एक किस्सा हमखास बाहेर पडतो. पाणी वाळतं, गाळ झाडता येतो. किस्से मात्र साचत जातात, आणि सांगायला दर वेळी मलाच बसवतात. खरं सांगू? कंटाळा आलाय. पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका.

आम्ही चौघं. मी पिंप्राळ्यात राहते, शाळेत पी.टी. शिकवते. सगळे मला अक्का म्हणतात. शिट्टी वाजवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार! कांतिशेठ मारवाडी जैन, जळगावात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. हिलाल पाटील सोनगीरचा शेतकरी, अंगात दोन माणसांचं बळ आणि गालात कायम तंबाखू. आणि धुळ्याचे शिरसाठ सर, कॉलेजच्या लायब्ररीत असतात. पोहता येतं, पण स्वतःवर भरवसा नाही. कांती आणि हिलाल कॉलेजला असताना धुळ्याच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचे. तीस वर्षांची दोस्ती.

एका रिसॉर्टने काढून टाकलेल्या तीन कयाक आम्ही आणल्या. दोन एकेकट्याच्या, एक दोघांची. दोघांचीला आम्ही जोडबोट म्हणतो. खान्देशात समुद्र नाही हे आम्हालाही माहीत होतं. पण वाघूर धरणावर हात बसवायचा आणि एकदा तरी समुद्रात वल्ही मारून यायची, असं वेड डोक्यात शिरलं होतं.

*

बोटी आणल्या त्या दिवशीची गोष्ट. पिकअपवर बांधून आधी सोनगीरला, हिलालच्या खळ्यात न्यायच्या होत्या. गावाजवळ चहाला थांबलो. टपरीवरचे एक आबा उठून आले आणि बोटीवर टकटक केलं.

"हाई काय शे भो?"

"होडी शे आबा," हिलाल म्हणाला.

"पानी कोठे शे?"

"वाघूरले शे. मंग कोकनात जासुत."

आबांनी पिकअपभोवती एक चक्कर मारली. मग आमच्या चौघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बठ्ठा शिकेल लोके दिसतस! मंग पहिले पानी लयनं व्हतं ना!"

तेव्हापासून जो कोणी बोटी बघतो तो फिरून फिरून हेच विचारतो, आधी पाणी का नाही आणलं? पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचे. आता नुसती मान हलवते.

*

कयाकमध्ये पहिला धडा बसण्याचा नसतो, उलटण्याचा असतो. मुद्दाम बोट उलटवायची, पाण्याखालून बाहेर यायचं, बोट धरून राहायचं. मी सगळ्यांकडून करून घेतलं. कांतिशेठने घरी या उद्योगाचा पत्ताच लागू दिला नव्हता. मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात.

उलटला, वर आला, नाकातोंडातून पाणी, आणि नेमका फोन वाजला. मुलाचा!

"पप्पा, कुठे आहात?"

"गोडाऊनमध्ये."

"मग आवाज असा का येतोय?"

कांतीने एका हाताने बोट धरलेली, दुसऱ्या हातात फोन. सुचेल ते बोलला, "अरे, पाणी शिरलंय!"

मे महिना. जळगाव. पाणी शिरलंय! घरी जाताना शेठ गोडाऊनवर डोकावले, तर मुलगा आणि दोन हमाल कोरड्याठाक फरशीवर बादल्या घेऊन उभे. त्या दिवशी घरी सगळं सांगावं लागलं.

*

आता जो किस्सा सांगते त्याला हसायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला आता हसू येत नाही.

कांती चौविहार पाळतो. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. एप्रिलातला रविवार होता. धरणावरून परत येत होतो. प्यायच्या बाटल्या सगळ्या हिलालच्या बोटीत, आणि हिलाल सवयीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. कांती मागून हाका मारतोय, वारा उलटा. काठाला लागलो तोवर सूर्य बाभळींच्या मागे गेला होता.

हिलालने बाटली पुढे केली. "पी."

"मावळला," कांती म्हणाला.

"मावळना नही, झाडमांगे गया!"

शिरसाठ सरांनी मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ काढली. अजून थोडा अवकाश होता म्हणे. कांती म्हणाला, "मोबाईलला दिसत असेल. मला दिसत नाही."

"मंग चाल, मना खांदावर बैस, दखाडस तुले!" हिलालने खरंच खाली बसून खांदा पुढे केला. आम्ही सगळे हसलो. कांतीही हसला असता, इतपत ठीक होतं. पण हिलालला थांबायचं कुठे ते कधीच कळलं नाही.

"पी रे. देव काय धरनवर ड्युटीले शे का?"

कांतीचा चेहरा उतरला. तो आवाज न चढवता म्हणाला, "माझा नेम मला आहे. तू आईची शपथ घेऊन तंबाखू सोडली होतीस. तिच्या तेराव्याला गालात धरून बसला होतास, मी बघितलंय."

बोटी बांधल्या आणि निघालो. कांती त्या उकाड्यात रात्रभर तहानलेला राहिला. हिलालच्या बायकोचा दुसऱ्या दिवशी मला फोन: "अक्का, काय व्हयनं? यास्नी काल रोटी खादी नही."

एकाने दुसऱ्याचा देव काढला, दुसऱ्याने पहिल्याची आई काढली. बोलणं बंद झालं.

*

बोलणं बंद झालं, येणं बंद झालं नाही. हीच तर माझ्या जिवाला खरी डोकेदुखी! दोघंही रविवारी हजर, दोघांच्या मध्ये मी.

रागावली की माणसं फार सभ्य होतात. तीस वर्षांचं अरे-तुरे दोघांनी एका दिवसात अहो-जाहोवर आणलं, तेही माझ्यामार्फत. "अक्का, त्यांना सांगा, दोरी सोडा." "अक्का, त्यास्ले सांगा, सोडेल शे." मधे अंतर किती? दोरीएवढं!

एकदा धरणात मासेमारांचं जाळं पाण्याच्या जरा खाली लावलेलं होतं. हिलालला दिसलं. कांती सरळ त्यावर चाललेला. हिलालने ओरडून मला सांगितलं, "अक्का, त्यास्ले सांगा, जायं शे!" मी वळून कांतीला ओरडले. तोवर बोट जाळ्यात, कांती पाण्यात, आणि काठावरून जाळेवाला शिव्या घालतोय.

कांती वर आला, चष्मा चाचपला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, त्यांना सांगा, निरोप उशिरा मिळाला!"

लोक हा किस्सा ऐकून पोट धरून हसतात. मी त्या संध्याकाळी घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले. दोन चांगली माणसं, दोघांनाही चूक कळलेली, आणि माफीचा शब्द काही कोणाच्या तोंडून निघत नाही. पोरं भांडली तर शिट्टी मारून हात मिळवायला लावता येतं. पन्नाशीच्या बाप्यांना काय करणार?

मग एकाच आठवड्यात दोघांनी मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट सांगितली: कोकणची ती खेप एकदाची करून टाकू, आणि आल्यावर बोटी विकून टाकू. मी लगेच हो म्हटलं. सुटले, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत विनाकारण पोरांवर ओरडले.

*

शिरसाठ सरांचा किस्सा मधे टाकते, जरा हलकं वाटेल.

समुद्रात मळमळू नये म्हणून सरांनी डॉक्टरांकडून दोन गोळ्या आणल्या होत्या. पाण्यात उतरण्याआधी एक घ्यायची. सरांनी विचार केला, सावध असलेलं बरं. धुळ्यात गाडीत चढतानाच एक घेतली. नाशिक यायच्या आत दुसरी. मग जे झोपले ते टोल, घाट, जेवण, कशालाच उठले नाहीत. हिलालने दोनदा नाकाशी हात धरून पाहिला.

मालवणच्या बाजूला एका किनाऱ्यावर गाडी थांबली. दार उघडलं. समोर क्षितिजापर्यंत पाणी. सर डोळे चोळत उतरले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे वा! आपल्या धुळ्याचा नकाणे तलाव भरला वाटतं!"

*

धरणावर शिकलेलं वल्हवणं समुद्र पहिल्या तासात विसरायला लावतो. आपण चार हात मारून पुढे जावं, लाटेने उचलून पुन्हा वाळूत आणून ठेवावं. वारा आडवा. तोंडात मीठ, डोळ्यांत मीठ. हिलालसारखा गडी वाळूत बसून म्हणाला, "हाई तर नांगरापेक्षा बेकार शे."

आमच्या सोबतीला इंजिनाची होडी घेऊन तिथले एक म्हातारे तांडेल होते. त्यांनी दिवसभर आमची फजिती पाहिली आणि संध्याकाळी निकाल दिला. शिरसाठ सर तांडेलांच्या इंजिनाच्या होडीत. मी एकटी चालेन. शेठचा खांदा दुखतो, त्यांनी एकट्याने जायचं नाही. जोडबोटीत पुढे शेठ, मागे हिलाल.

मी म्हटलं, "तांडेल, त्यांचं जरा... ते बोलत नाहीत एकमेकांशी."

तांडेल विडी विझवत म्हणाले, "बाई, बोटीत जोडी वजन बघून लावतात. भांडण बघून नाय."

आम्ही वाळूत बसलो होतो. सूर्य खाली चाललेला. हिलाल समुद्राकडे बघत म्हणाला, "अक्का, त्यास्ले सांगा, दिन बुडी राहिना. पानी पेवानं व्हई तर पी ल्या म्हना."

कांतीने बाटली उघडली, दोन घोट प्याला, झाकण लावलं. "अक्का, त्यांना सांगा, मला दिसतो सूर्य."

दोघंही तिथेच बसले होते, माझ्या एकेका बाजूला. मला इतकं थकल्यासारखं झालं की उठून सरळ खोलीवर गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शेवटचा दिवस. दुपारी बोटी बांधायच्या, जळगावला न्यायच्या आणि विकायच्या.

पहिल्या लाटा कशाबशा पार केल्या. पुढे पाणी उंचसखल, फेस नाही, पण बोट वर जाते आणि खाली येते, वर जाते आणि खाली येते. खाली आलं की बाकीचे कोणी दिसतच नाहीत. जोडबोट माझ्या डावीकडे होती. कांती पुढे, हिलाल मागे. दोघांची वल्ही एका तालात पडत होती. तसं नसतं तर बोट उलटलीच असती. तोंडाने मात्र कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मागे तांडेलची होडी, तिच्या काठाशी शिरसाठ सर वाकलेले. गोळ्या गाडीतच संपल्या होत्या.

एकदम तांडेल ओरडले, "वल्ही वर! कोणी हलू नका!"

मला वाटलं खडक असेल. मग आवाज आला. मोठ्या टायरची हवा सोडावी तसा, पण ओला. आणि वास, सडलेल्या मासळीचा. जोडबोटीच्या समोर पाण्यातून एक काळी पाठ वर आली. येतच राहिली. एसटी समोरून जावी तशी ती पाठ जात होती, जात होती, संपतच नव्हती. देवमासा! आमच्या बोटी त्याच्या पुढे सुपारीएवढ्यासुद्धा नव्हत्या.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू! पोहता येणं, शिट्टी, पी.टी., सगळं विसरले. तांडेल मागून हळू आवाजात सांगत होते, "काय करत नाय तो. हलू नका फक्त."

पाठ बुडाली. पाणी गोल गोल फिरत राहिलं. आणि मग तो पुन्हा वर आला, या वेळी इतका जवळ की उडालेले तुषार कांतीच्या चष्म्यावर पडले. जोडबोट डुलली. हिलालने मागून दोन्ही बाजूंना वल्हं टेकवून ती सावरली.

कांतीने आपलं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. हात जोडले. आणि मोठ्याने म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम्."

जैन लोक संवत्सरीला म्हणतात ते. कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर. माणसाला म्हणतात, मुंगीलाही म्हणतात. त्या वर्षी संवत्सरीला कांतीने मला फोन केला होता, शिरसाठ सरांसाठी मुद्दाम धुळ्याला जाऊन आला होता. सोनगीर तिथून पुढे थोडंसंच. तिथे गेला नव्हता. आता संवत्सरी होऊन चार-पाच महिने झालेले.

मासा तिथेच होता. कांतीने पुन्हा म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्."

कयाकमध्ये पुढच्याला मागे वळता येत नाही. मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. हिलाल त्या पाठीकडे बघत होता. तोंडातली तंबाखू त्याने पाण्यात थुंकली. मग नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा, मला मधे न घेता, तो बोलला.

"माले सांगस का माशाले?"

कांती तसाच, हात जोडलेले, समोर बघत म्हणाला, "जो ऐकेल त्याला."

मासा तोवर केव्हाच खाली गेला होता.