कोणी न पाहिलेला फाऊल

स्नूकरचे तीन सामने मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आता त्यांचा कंटाळा येतो. पहिला म्हणजे शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर निकाल लागलेली ती फायनल. सुरुवातीलाच कितीतरी फ्रेम मागे पडलेला माणूस ती जिंकतो. दुसऱ्यात एका खेळाडूच्या हातातोंडाशी विजेतेपद आलेलं असतं, समोर सोपा काळा चेंडू असतो, तो चुकतो आणि गप खुर्चीत जाऊन बसतो. बसलेल्या त्या माणसाचा चेहरा मला फार ओळखीचा वाटतो. खाणीत सलग सहा दिवस पाळी केल्यावर आरशात मीही तसाच दिसतो.

तिसरा सामना माझ्या आवडीचा नाही. तो माझ्या जोडीदाराचा. जोडीदार म्हणजे आमच्या पाळीतला ब्लास्टर. बपेरा गावाकडचा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तुमसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणीत तो सुरुंग उडवायचा आणि मी मेट, म्हणजे पाळीतली माणसं आत नेऊन धडधाकट बाहेर आणणारा. कॉलनीच्या क्लबात साहेब लोकांच्या वेळचं एक थोरलं स्नूकर टेबल पडलेलं होतं. कापडाला ठिगळं, एका कोपऱ्याकडे उतार. त्या उताराचा अंदाज फक्त भाऊला होता, त्यामुळे मी वर्षानुवर्षं हरत आलो. टेबल पार मोडीत निघाल्यावर आम्ही दर रविवारी दुपारी माझ्या घरी टीव्हीवर जुने सामने बघू लागलो.

"तो फाऊलवाला लाव ना गा," तो आल्या आल्या म्हणायचा.

"किती डाव पाहाल भाऊ? तोंडपाठ झाला."

"लाव तं."

त्या सामन्यात खेळाडू टेबलावर ओणवा होतो, आणि त्याच्या बाहीचा एका लाल चेंडूला जेमतेम स्पर्श होतो. रेफ्रीला दिसत नाही, समोरच्यालाही दिसत नाही. हा मात्र सरळ उभा राहतो, हात वर करतो आणि आपला फाऊल आपणच सांगतो. तिथे फ्रेम जाते आणि फ्रेमबरोबर सामनाही जातो. मग प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात. भाऊचे डोळे दर वेळी भरून यायचे.

"कोनंच नाई पाह्यलं गा. तरी त्यानं सांगतलं. आनखी काय पायजे मानसाले?"

आता खाणीतलं सांगतो. पाळी संपताना सुरुंग उडवतात. जितकी भोकं बारूद भरून ठेवली, तितके आवाज यायला हवेत. एक कमी आला तर एक सुरुंग आत जिवंत आहे असं समजायचं, आणि मग कोणी पुढे जायचं नाही. आवाज मोजायचं काम ब्लास्टर आणि मेट, दोघांचं. आमच्या पाळीत जुनी रीत अशी की दोघांनी एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि शेवटी एकदमच आकडा बोलायचा. एकाने आधी तोंड उघडलं की दुसरा त्याच्या मागोमाग हो म्हणतो, म्हणून ही खबरदारी. भाऊनेच मला ती शिकवली होती.

गेल्या पावसाळ्यापासून भाऊ माझ्याकडे तोंड करून उभा राहू लागला. माझ्या ओठांकडे बघायचा. मी आकडा बोललो की अर्ध्या श्वासाने तोही तोच बोलायचा. मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी त्याच्याकडे वळून जरा लवकर, जरा स्पष्ट बोलू लागलो. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एवढं निभावून नेऊ, असं मी मनाशी धरलं. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही तेव्हा वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

एका रविवारी मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून बायकोने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता. मी इतका थकलो होतो की तो वाढवायचंही सुचलं नाही. भाऊने फाऊलवाला सामना लावायला सांगितला. बाही लागली, हात वर झाला, प्रेक्षक उठले. घरात फक्त पंख्याची घरघर होती.

"आयक गा," भाऊ म्हणाला, "काय टाळ्या वाजून राहिल्या!"

ओठ बघून काम भागत होतं तोवर मला त्याच्या कानांचा खरा अंदाज नव्हता. आता आला. मी मान हलवली आणि चहा आणायच्या निमित्ताने उठलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौदा भोकं भरली. माणसं लांब वळणापलीकडे नेऊन बसवली. इकडे आम्ही दोघंच. सुरुंग सुटायच्या आधी मी जुन्या रीतीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली आणि ती तशीच ठेवली. आवाज सुरू झाले. मी मोजले तेरा. शेवटचे दोन एकमेकांत मिसळले म्हणावं, तर तसंही नव्हतं. मग धूर आणि शांतता. भाऊ थांबला. मी वळेन म्हणून तो वाट बघतोय, हे मला पाठीतून कळत होतं. मी वळलो नाही.

"चौदा," तो म्हणाला. भरलेल्या भोकांचा आकडा.

मी वळून म्हणालो, "तेरा."

त्याने माझे ओठ वाचले आणि खाली बसला. नियमाप्रमाणे आम्ही थांबलो, मग शोधलं. उजवीकडे खाली एक भोक भरलेलंच होतं. पुढच्या पाळीने तिथेच ड्रिल लावली असती. सुरुंग फुटला नाही एवढी नोंद झाली, तशी ती अधूनमधून होतच असते. त्याचा 'चौदा' फक्त मी ऐकला होता.

सकाळी भाऊ मला घेऊन फोरमनच्या खोलीत गेला. बसला नाही. उजवा हात खांद्याच्या वर उचलला, अगदी त्या खेळाडूसारखा, आणि म्हणाला, "साहेब, मले आवाज मोजता येऊन नाई राह्यले. काल मी तेराचे चौदा सांगतले. माह्या हातून आता सुरुंग उडवून घेऊ नका."

फोरमनने मला विचारलं, "मेट, तुम्हाला आधी कधी जाणवलं नाही?"

तिथे मला फक्त एक शब्द बोलायचा होता. पण त्याने माझी मेटगिरी गेली असती, चौकशी लागली असती. शिवाय मी फार दमलो होतो, निदान असं मी स्वतःला सांगतो.

"नाही साहेब," मी म्हणालो.

बोलल्यावर माझं लक्ष भाऊकडे गेलं. तो नेहमीसारखा माझ्या ओठांकडे बघत होता.

त्याला वर, हजेरीच्या खिडकीपाशी काम दिलं. तिथेही तो माझ्याबद्दल कोणाला काही बोलला नाही. मी अजून मेट आहे. रविवारी तो येतो, हे विशेष. मला वाटलं होतं येणार नाही. खुर्ची पूर्वी माझ्याकडे वळवून बसायचा, ती आता सरळ टीव्हीसमोर ओढतो. काही विचारलं तर उत्तर देत नाही, कारण बघतच नाही. चहा हातात द्यावा लागतो.

मागच्या रविवारी घरी कोणी नव्हतं. फाऊलवाला सामना मीच लावला. त्या माणसाने हात वर केला, तेव्हा मी पण केला.

"भाऊ, मले मालूम होतं," मी चांगलं मोठ्याने म्हणालो. "पावसाळ्यापासून मालूम होतं. मी साहेबासमोर खोटं बोललो."

तो पडद्याकडे बघत होता. तिथे प्रेक्षक उठून उभे राहिले होते. मी हात खाली घेतला आणि त्याच्या पुढचा रिकामा कप उचलला.