रतनपुरुषाला बांधलेल्या पिशव्या

"लवकर ये. पिशव्यांवरनं भांडण लागलंय," एवढंच काकू फोनवर म्हणाली. मी बसवकल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तास अर्धवट टाकला आणि स्कूटी काढली. काकू विधवा, मंठाळच्या पुढे आमच्या गावात एकटी राहते आणि कधी कुणाला हाक मारत नाही.

पिशव्या माझ्याच होत्या. काकूच्या शेताच्या बांधावर रतनपुरुष उगवतो. वीतभर झुडूप, फुलाची एकच पाकळी मोठी आणि जांभळी, बाकीच्या असून नसल्यासारख्या. बिदरचे हकीम सर्दीच्या काढ्यात बनफशा घालतात, त्याच्याच कुळातलं हे. सध्या या कुळात बरीच उलथापालथ चालली आहे. जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी रतनपुरुषालाही जुन्या गटातून उचलून नव्या गटात बसवलंय. त्यात मला त्या बांधावर पांढऱ्या फुलांची काही झाडं सापडली आणि माझी झोप उडाली. ही वेगळी जात, की जात तीच आणि फक्त रंगाचं एखादं जनुक बिघडलेलं? माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक नवी जात म्हणून मोकळेही झाले होते. मला ते पटत नव्हतं, आणि न पटलेल्या गोष्टीवर गप्प बसणं मला जमत नाही.

म्हणून मी पांढऱ्याचा आणि जांभळ्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळीच आली. पांढरा रंग आत दडून बसलाय का, ते त्यांच्या बियांतून उगवणाऱ्या झाडांवर कळणार होतं. पण या झाडाचं बोंड पिकलं की तीन फाका होऊन तडकतं आणि बी उडून जातं. शिवाय मधमाशा दुसरीकडचे पराग आणतात. म्हणून काकूच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या छोट्या पिशव्या शिवून आम्ही कळ्यांवरच बांधल्या होत्या. दोरा काळा, कारण तिच्या डब्यात तोच होता. पावसाळाभर तिने झाडं राखली, शेळ्या हाकलल्या आणि कुठलं बोंड फुगलं ते मला फोनवर सांगत राहिली.

एकट्या विधवेचा बांध आणि त्यावर काळ्या दोऱ्याच्या पांढऱ्या पुरचुंड्या. आमच्या भागात याला भानामती म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही.

पोचले तर बांधावर माणसं जमलेली. पुढे शेजारच्या शेतातली अक्का. तिच्या सुनेचं पोट त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा पडलं होतं. मागे तिचा मुलगा, हातात पेट्रोलची बाटली. काकू पदर खोचून झाडांपुढे उभी होती.

"कुणाच्या नावानं बांधलीस गं हे?" अक्का विचारत होती. "तिकडं माझी सून रडायलीय, आन् हिथं ह्या पुरचुंड्या लटकायल्यात."

"पोरीच्या अभ्यासाच्या हैत म्हनून किती बार सांगू?" काकू म्हणाली.

मी मध्ये घुसले. "अक्का, मी बांधल्यात. मागं ह्या फुलातला पराग काढून दुसऱ्याचा घातला होता. आता पोटच्या बियांत कुणाचा रंग उतरतो ते बघायचंय."

अक्काचा चेहरा उतरला.

"म्हंजे एकाचं बी काढून दुसऱ्याच्या पोटात घालायलीस," ती हळू म्हणाली. "आन् वर तोंडानं सांगायलीस."

वर्गात हेच सांगून मी मुलांकडून मान डोलावून घेते. इथे माझा प्रत्येक खरा शब्द काकूच्या अंगावर जात होता. मला संताप आला, मी "येड्यासारखं बोलू नका" म्हणून ओरडले आणि होतं नव्हतं तेही बिघडवलं. मागून कुणीतरी "पेटवा" म्हणालं. मुलाने बाटलीचं झाकण काढलं. तो झाडांकडे बघत नव्हता, काकूकडे बघत होता. तेव्हा मी खरी घाबरले.

"थांब. एकेक पिशवी उघडून दाखवते. केस, सुई, लिंबू, काय बी निघालं तर मला पेटव."

"न्हाई उघडायची," काकू म्हणाली. "बोंडं कच्ची हैत अजून."

मी तिचा हात बाजूला केला आणि पहिला दोरा तोडला. आत हिरवी बोंडं. लोक ती खुडून, चिरडून, हुंगून टाकत होते. दुसरी पिशवी, तिसरी. एक बोंड मात्र पिकलेलं निघालं. अक्काच्या तळहातावर ते तडकलं, बी तिच्या तोंडावर उडालं आणि ती किंचाळली. मुलाने बाटली उचलली.

"बी हाय ते, नुसतं बी!" मी ओरडले आणि शेजारचं बोंड तोंडात टाकून चावलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी गिळलं, आणखी एक चावलं, मग उरलेल्या पिशव्या फाडत गेले. कशातच काही निघालं नाही. मुलाने झाकण लावलं. अक्का रडत होती. माणसं पांगली. पांढऱ्या फुलांची झाडंही तोवर पायाखाली गेली होती.

काकू गुडघ्यांवर बसून मातीत बी शोधू लागली.

"ऊठ काकू. वाचलीस."

"मी कुठं भेले हुते?" ती वर न बघता म्हणाली. "पांढरं आलं असतं का जांभळं, आता कसं कळंल? आन् तू उघडलीस. मनात पाप नव्हतं तर कामून उघडलीस, म्हनतील."

मी तिच्याशेजारी बसले आणि रडले.

अक्काच्या घरातून रोज सकाळी काकूकडे ताकाला भांडं यायचं. दुसऱ्या दिवशी ते आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. काकूने त्या सकाळी त्यांच्या वाटणीचं ताक मात्र काढून ठेवलं होतं.