टाळूवरचा अंबाडा

आमच्या आळीत मीठ विकणाऱ्या बाईचा नवरा ब्रह्मदेशातल्या लढाईतून पनवेलला परतला, तेव्हा त्याच्या खांद्यावर एक मुलगी होती. मुलीची आई वाटेत वारली होती. त्या मायलेकींचे नावगाव त्याला कळले नव्हते.

ती बाई मिठागरावरची. मिठाची पाटी घेऊन आमच्या आळीत यायची, आणि मागे तिचा पदर धरून ती मुलगी. मापून झाल्यावर वर एक मूठ मीठ टाकायची. मग पायरीवर बसून मुलीचे केस विंचरायची आणि टाळूवर उंच अंबाडा बांधायची, मुलगी आली तेव्हा होता तसाच. शेजारणी हसत. "अगं, वेणी घाल की तिची! चिनीण दिसते."

"दिसू दे. लोकांच्या घोवांनी रंगूनशी सोना आनला, माज्यानं ही चपट्या नाकाची आनली," असे म्हणून ती मुलीचे नाक चिमटीत धरी.

एकदा मी अंबाड्याचे कारण विचारलेच. ती हळू म्हणाली, "मास्तर, तिची मावशी-काकी कोनी सोदत आली, तर वलकल कशी?"

"आणि आली तर देशील?"

"देईन. रडंन, पन देईन." विंचरणारे हात थांबले नाहीत.

माझी पत्नी त्याच वर्षी गेली होती. जाऊ शकणाऱ्या माणसावरही इतकी हसतखेळत माया करता येते, हे मी त्या पायरीवर पाहिले.

शोधत कुणी आले नाही. ती बाई गेली, तेव्हा शेवटचे पाणी मुलीने पाजले. आता आमच्या आळीत मीठ तीच आणते.